पिस्तूल साफ करून पुन्हा जोडताना फ्रेमवर ओरखडा पडू नये म्हणून आपण काय करता?

निळसर
काही दिवसांपूर्वी मी १९११ पद्धतीचे, .४५ एसीपी काडतुसाचे पिस्तूल घेतले. फ्रेम, म्हणजे खालचा सांगाडा, पोलादी असून तिच्यावर आरशासारखे चकचकीत ब्लूइंग (पोलादाला दिलेली निळसर-काळी झळाळी) आहे आणि खरे सांगायचे तर त्या रंगावर भाळूनच मी ते निवडले. पहिल्यांदा उघडून साफ केले, तेल दिले, सगळे भाग पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे बसवले आणि शेवटी स्लाइड स्टॉप (फ्रेमवर मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला, म्हणजे स्लाइडला, अडवणारी खिटी) जागेवर ढकलताना 'कर्र' असा बारीक आवाज आला. दिव्याखाली धरून पाहिले, तर डाव्या बाजूला, स्लाइड स्टॉपच्या शेपटीखाली, कंपासने काढावा तसा एक चंदेरी चाप उमटला होता. लांबी फार तर एक सेंटिमीटर असेल, परंतु आता पिस्तूल हातात घेतले की मला दुसरे काही दिसतच नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. साफसफाई तर टाळता येणार नाही, म्हणजे स्टॉप दर वेळी काढावा आणि घालावा लागणारच. मग हा ओरखडा वाढू नये म्हणून अनुभवी मंडळी नेमके काय करतात?

तैलबुद्धी
आपले या पंथात स्वागत असो. या चापाला इंग्रजीत 'इडियट स्क्रॅच' असे नाव आहे, आणि ज्यांच्या पिस्तुलावर तो नाही त्यांच्यापैकी निम्म्यांनी पिस्तूल अजून उघडलेलेच नसते. तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

पुढे बरेच प्रयोग सुचवले जातील, म्हणून एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो. मॅगझिन काढलेले असावे, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून रिकामे असल्याची खात्री केलेली असावी, आणि काडतुसे त्या टेबलावरच काय, त्या खोलीतही नसावीत. ओरखड्याच्या काळजीत गढलेला माणूस नेमका हेच विसरतो.

स्प्रिंगोजी
उपायाआधी कारण समजून घेतले, तर निम्मे उपाय आपोआप सुचतील.

स्लाइड स्टॉप म्हणजे सुमारे पाच मिलिमीटर जाडीची एक पिन आणि तिला काटकोनात जोडलेली, मागे पसरलेली एक शेपटी. पिन डावीकडून फ्रेममध्ये शिरते, बॅरलखाली लोंबणाऱ्या लिंक नावाच्या छोट्या कडीच्या भोकातून जाते आणि उजवीकडे बाहेर डोकावते. शेपटी स्लाइडच्या खालच्या कडेला लागून मागे जाते आणि तिच्या टोकाशी प्लंजर, म्हणजे स्प्रिंगने रेटलेला छोटा दट्ट्या, असतो. फ्रेमच्या डाव्या अंगावर जी बारीक आडवी नळी दिसते तिच्यात दोन प्लंजर आणि त्यांच्यामध्ये एकच स्प्रिंग असते. पुढचा प्लंजर स्लाइड स्टॉपला रेटतो आणि मागचा अंगठ्याच्या सेफ्टीला, म्हणजे गोळी सुटू न देणाऱ्या कळीला. ती स्प्रिंग कधी बाहेर काढलीत तर पाहा, तिला मध्यभागी मुद्दाम एक बाक दिलेला असतो. तो बाक नळीच्या आतल्या भिंतीला अडतो, म्हणूनच सेफ्टी काढताना ती उडून पलंगाखाली जात नाही.

आता ओरखड्याकडे येऊ. स्टॉप बसवताना त्याची शेपटी प्लंजरच्या टोकाला अडते. अडली की आपण काय करतो? शेपटी थोडी खाली झुकवतो, पिन पूर्ण आत दाबतो आणि मग अंगठ्याने शेपटी वर फिरवून प्लंजरवरून पार करू पाहतो. त्या क्षणी शेपटीची आतली कड फ्रेमला टेकलेली असते. पिन मध्यबिंदू, शेपटी त्रिज्या आणि आपला अंगठा पेन्सिल! आपल्याला कंपासची आठवण झाली ती अगदी योग्यच आहे.

म्हणून मी एकच पथ्य पाळतो. शेपटी वर उचलण्याचे काम ती फ्रेमपासून दोन-तीन मिलिमीटर दूर असतानाच उरकायचे आणि त्यानंतर फक्त सरळ आत दाबायचे. फ्रेमला टेकल्यावर ती फिरता कामा नये.

अधीरमन
मी गेली पंधरा वर्षे नुसत्या अंगठ्याने बसवतो आणि एकही चरा पडलेला नाही. अवजारे आणि चिकटपट्ट्या यांच्या मागे लागलात तर अवजार घसरून दुसरीकडे ओरखडा पडेल.

नेमबाज_ताई
अधीरमन, आपला हात बसलेला आहे, पण नव्या माणसाला 'हात बसू द्या' असे सांगणे म्हणजे पोहता येईपर्यंत पाण्यात उतरू नका असे सांगण्यासारखे आहे. हात बसेपर्यंत जे ओरखडे पडायचे ते पडून जातात.

माझी रीत सविस्तर लिहिते. स्प्रिंगोजींनी सांगितलेली दोन-तीन मिलिमीटरची फट राखताना खरा शत्रू असते ती रिकॉइल स्प्रिंग. स्लाइड मागे ओढून धरायची, तिच्यावरची अर्धगोल खाच स्टॉपच्या वर आलेल्या दाताशी नेमकी जुळवायची, लिंक सरळ ठेवायची आणि त्याच वेळी प्लंजर दाबून स्टॉप घालायचा, एवढी कामे दोन हातांना होत नाहीत. स्प्रिंग स्लाइडला पुढे रेटत राहते, हात थरथरतो आणि शेवटी आपण वैतागून जोर लावतो. ओरखडा त्या वैतागातून येतो.

म्हणून मी रिकॉइल स्प्रिंग सर्वांत शेवटी दाबते. बॅरल, गाइड आणि स्प्रिंग स्लाइडमध्ये ठेवायची, बुशिंग (बॅरलचे तोंड धरणारे कडे) बाजूला वळवलेले ठेवायचे, म्हणजे स्प्रिंगचे पुढचे टोक बाहेर मोकळे लोंबत राहते आणि स्लाइडवर कसलाही ताण येत नाही. अशी स्लाइड फ्रेमवर सरकवली की ती जिथे ठेवाल तिथे राहते. मग शांतपणे खाच जुळवता येते, भोकातून डोकावून लिंक दिसते का ते पाहता येते आणि स्टॉप घालताना दोन्ही हात मोकळे मिळतात. स्टॉप बसल्यावर स्प्रिंगवर प्लग, म्हणजे तिच्या टोकावरची टोपी, चढवायचा, तो आत दाबायचा आणि बुशिंग फिरवून जागेवर आणायचे. प्लग अंगठ्याखालून निसटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, त्यामुळे चष्मा घालूनच हे करावे आणि प्लगच्या समोर आपले किंवा दुसऱ्याचे तोंड नसावे. ज्या पिस्तुलात बॅरलच्या खाली पूर्ण लांबीचा एकसंध गाइड रॉड असतो त्यात मात्र ही युक्ती सहजी जमत नाही.

प्लंजर दाबण्यासाठी मी लाकडी टूथपिक वापरते. ती मोडते, परंतु पोलादाला ओरखडा पाडू शकत नाही. ती मोडली तर जोर जास्त होतोय हेही लगेच कळते.

प्रतिवादी
एक मूलभूत शंका विचारतो. पहिला ओरखडा पडेपर्यंत माणूस पिस्तुलाला जपतो आणि पडल्यावर निर्धास्तपणे वापरू लागतो. मग तो पडला हे बरेच झाले, नाही का? माझ्या पिस्तुलावर असे तीन चाप आहेत आणि झाडाच्या वर्तुळांवरून जसे वय कळते तसे मी त्यांच्यावरून माझ्या उतावळेपणाचे वय मोजतो.

संग्राहक
प्रतिवादी यांच्या विनोदामागे थोडा इतिहासही आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले ते ते देखणे होते म्हणून नव्हे. चाचणीत त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या, तापले की पाण्यात बुडवून थंड केले गेले, आणि तरी ते अडले नाही. चिखलात पडणाऱ्या शस्त्राच्या फ्रेमवर चाप उमटेल का, ही चिंता रचनाकाराला असण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या महायुद्धात तर ही पिस्तुले टाइपरायटर आणि रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कारखान्यांतही तयार झाली, आणि शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने अवघी ५०० बनवली, ज्यांच्यासाठी आज संग्राहक जीव टाकतात. युद्धकाळातल्या बहुतेक पिस्तुलांवर चकचकीत ब्लूइंग नसून फॉस्फेटचा राखाडी, खरखरीत मुलामा असे. त्याच्यावर ओरखडा उठून दिसत नाही.

जुने पिस्तूल हाती आले आणि त्याच्यावर हा चाप दिसला, तर तो घालवण्यासाठी पुन्हा ब्लूइंग करून घेऊ नका. मूळ मुलाम्यासह ओरखडा असलेले पिस्तूल हे नव्याने रंगवलेल्या निष्कलंक पिस्तुलापेक्षा संग्राहकाला नेहमीच अधिक मोलाचे वाटते. नव्याने पॉलिश करताना कडा गोल होतात आणि अक्षरे पुसट होतात, आणि ते जाणत्या माणसाला लांबून कळते.

निळसर
सर्वांचे आभार. माझे पिस्तूल संग्राहकांच्या तोडीचे नाही, त्यामुळे मला त्याच्याकडे प्रेमाने पाहता आले तरी पुरे. दोन उपप्रश्न विचारतो. शेपटीची आतली कड कानशीने थोडी मारली तर ओरखडा पडायचाच थांबेल का? आणि जो पडला आहे त्याचे काय करावे?

जोडारी
कानस ठेवून द्या. फिटरचे काम करण्यात माझे आयुष्य गेले, आणि ज्या भागावर स्प्रिंग दाब देते त्या भागाचा पृष्ठभाग अंदाजाने बदलू नये हे मी पदरमोड करून शिकलो आहे.

शेपटीचा जो भाग प्लंजरला टेकतो त्याच्या कोनावर स्टॉप जागेवर किती घट्ट राहतो हे ठरते. काही कारागीर तिथे मुद्दाम एक बारीक खळगा करतात, जेणेकरून मॅगझिन संपण्याआधीच स्टॉप वर उचलला जाऊन स्लाइड अडकू नये. आपण तिथे हात चालवलात आणि उतार चुकीचा झाला, तर नेमका उलटा परिणाम होईल. मागच्या आतल्या कोपऱ्यावर बर असेल, म्हणजे बोटाला टोचणारी कड असेल, तर ती सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-चार वेळा हलकी पुसावी. याहून अधिक करू नये. नखावरून कड फिरवून पाहा, नख खरवडले गेले तर बर आहे असे समजा.

प्लंजरच्या नळीबद्दलही एक इशारा देतो. ती फ्रेममध्ये दोन बारीक पायांवर रिबेट केलेली असते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक तिच्यावर टेकवून प्लंजर मागे ओढणारे लोक मी पाहिले आहेत. नळी सैल झाली तर ओरखडा ही किरकोळ गोष्ट ठरते, कारण त्याच नळीतली स्प्रिंग सेफ्टी सांभाळते आणि सैल नळीमुळे सेफ्टी अडकू शकते. म्हणून अवजार नळीला टेकवायचे नाही, प्लंजरच्या गोल नाकावरच टेकवायचे आणि सरळ मागे दाबायचे.

पंचाहत्तरी
माझ्याकडे सीझेड ७५ आहे, त्यामुळे या चर्चेत मी पाहुणा आहे, पण दुःख जातकुळीतलेच आहे. त्याचा स्लाइड स्टॉप काढायचा तर स्लाइड थोडी मागे नेऊन तिच्यावरची आणि फ्रेमवरची खूण जुळवायची आणि पिनेचे उजवीकडचे टोक आत ढकलायचे. ते नव्या पिस्तुलात इतके घट्ट असते की लोक मॅगझिनच्या तळाने ठोकतात. परिणामी ओरखडा डावीकडे नाही, उजवीकडे पिनेच्या भोवती पडतो. टीटी-३३ वापरणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी आहे. तिथे स्टॉप उजव्या बाजूच्या एका स्प्रिंग क्लिपने अडकवलेला असतो, ती क्लिप स्क्रू ड्रायव्हरने मागे सरकवताना हात घसरला की फ्रेमवर लांबलचक रेघ उमटते. सीझेडसाठी मी नायलॉनचे तोंड असलेली लहान हातोडी घेतली आणि तेव्हापासून सुखी आहे.

अधीरमन
आणि ग्लॉक वापरणारे हे सगळे वाचून हसत असतील, कारण त्यांना उघडताना पिनच काढावी लागत नाही.

तैलबुद्धी
ते हसत नाहीत, अधीरमन. त्यांच्या पिस्तुलात भाळण्यासारखे ब्लूइंग कुठे आहे?

रसायनप्रेमी
निळसर यांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. ब्लूइंग हा रंगाचा थर नाही. पोलादाच्याच पृष्ठभागाचे मॅग्नेटाइट या काळ्या लोहऑक्साइडमध्ये रूपांतर केलेले असते. कारखान्यात हे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या साधारण १४० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात करतात. थर अत्यंत पातळ असतो, म्हणून शेपटीच्या कडेचा एक फटकारा त्याला पुरतो आणि खालचे पोलाद चमकू लागते.

बाजारात 'कोल्ड ब्लू' मिळते, ते गरम न करता लावता येते. त्यात बहुधा सेलेनियमची आणि तांब्याची संयुगे असतात. रबरी हातमोजे घालूनच आणि खिडकी उघडी ठेवूनच ते वापरावे, कारण सेलेनियमची संयुगे विषारी असतात. आधी ओरखड्यावरचे तेल ॲसिटोनने पूर्ण काढावे, मग कापसाच्या काडीने फक्त त्या रेघेवर लावावे, थोड्या वेळाने पाण्याने पुसावे आणि लगेच तेल द्यावे. रंग मूळ निळाईशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नये. चंदेरी रेघेची करडी रेघ होईल आणि हातभर अंतरावरून ती दिसेनाशी होईल, एवढेच. मूळ निळ्या भागावर ते पसरू दिलेत तर मात्र एका रेघेच्या जागी ढगाळ डाग मिळेल.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर यातले काहीही चालणार नाही, कारण तिथे ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा थर, असते. तिथे लोक काळ्या मार्करने रेघ भरतात आणि तो उपाय वाटतो तितका हास्यास्पद नाही. स्टेनलेसची मॅट फ्रेम असणारे सर्वांत भाग्यवान, कारण त्यांना स्कॉच-ब्राइट घासणीचा तुकडा मूळ घासणीच्या दिशेने दोनदा फिरवला की ओरखडा सापडत नाही. दिशा आडवी झाली तर मात्र सगळी बाजू पुन्हा घासत बसावी लागते, हे स्वानुभवाने सांगतो.

नेमबाज_ताई
साफसफाईतले इतर ओरखडेही आठवले म्हणून लिहिते. ग्रिपच्या स्क्रूची खाच अरुंद असते आणि घरातल्या स्क्रू ड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते, त्यामुळे ते खाचेतून वर चढते आणि ग्रिपवरून घसरते. दोन्ही बाजू समांतर असलेले, खाचेत घट्ट बसणारे पाते घ्यावे. तसेच बुशिंग फिरवण्याआधी स्लाइड किंचित मागे घ्यावी, कारण अनेक नेमबाजी पिस्तुलांत बॅरलचे तोंडच तेवढे जाड ठेवलेले असते आणि स्लाइड पुढे असताना घट्ट बुशिंग फिरवले, तर बॅरलच्या तोंडाभोवती कडी उमटते. आणि ज्या फडक्याने काजळी पुसली त्याच फडक्याने बाहेरून चकाकी आणू नये. त्यात कण अडकलेले असतात.

प्रतिवादी
आपण सारे मिळून लवकरच पिस्तूल न उघडण्याचा ठराव संमत करू असे दिसते.

स्प्रिंगोजी
मूळ प्रश्नाकडे परत येऊ या. निळसर, एक प्रयोग करून पाहावा असे सुचवतो. स्टॉप बसवण्याआधी, शेपटी जिथे टेकते तिथे फ्रेमवर रंगारी वापरतात त्या कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावा आणि नंतर नेहमीच्या सवयीने स्टॉप बसवा. पट्टी फ्रेम वाचवेल, आणि चूक नेमकी कुठे होते तेही दाखवेल, कारण शेपटी जिथे घासेल तिथे कागद फाटेल.

जोडारी
उत्तम सूचना आहे. फक्त पट्टी भोकावर किंवा प्लंजरच्या समोर येऊ देऊ नका, नाहीतर पिनेबरोबर कागदाचे तुकडे आत जातील.

निळसर
काल संध्याकाळी प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त देतो.

पहिल्या वेळी मुद्दाम माझ्या जुन्या पद्धतीने बसवले. पट्टीवर अगदी तोच चाप उमटला, आणि तो कुठे सुरू झाला तेही दिसले. पिन मी पूर्ण आत दाबत होतो, आणि तेव्हा शेपटी प्लंजरच्या बरीच खाली असे. म्हणजे अर्धा प्रवास ती फ्रेमला घासतच करत होती. गंमत अशी की ओरखडा प्लंजरपाशी पडतो असे मी आजवर समजत होतो, परंतु पट्टी सर्वांत खोल फाटली होती ती खाली, जिथे मी अंगठ्याचा जोर सुरू करत होतो तिथे.

दुसऱ्या वेळी नेमबाज_ताईंच्या रीतीने स्प्रिंग मोकळी ठेवली. स्लाइड जागेवर राहिल्यामुळे घाई उरली नाही. पिन लिंकमधून जाईपर्यंत ढकलली, शेपटी फ्रेमपासून दूर असतानाच वर आणून प्लंजरच्या समोर धरली, उजव्या हातातल्या टूथपिकने प्लंजरचे नाक मागे दाबले आणि डाव्या अंगठ्याने शेपटी सरळ आत ढकलली. 'टक' असा आवाज आला. कर्र नाही. पट्टीवर एक बारीक ठिपका होता, चाप नव्हता. तिसऱ्या वेळी ठिपकाही नव्हता, मात्र टूथपिक मोडली. प्लगही एकदा निसटला आणि पडद्यात अडकला, त्यामुळे चष्म्याबद्दलची सूचना मी यापुढे गांभीर्याने घेणार आहे.

शेवटी रिकाम्या पिस्तुलावर स्लाइड अडकते का, सेफ्टी लागते आणि सुटते का, हे तपासले. सर्व ठीक आहे. जुन्या चापावर कोल्ड ब्लू लावायचे धाडस अजून केलेले नाही.

अधीरमन
डाव्या अंगठ्याने सरळ आत. मी पंधरा वर्षे हेच करत आलो आहे, फक्त मला ते असे सांगता आले नाही. टूथपिकबद्दलचे माझे मत मागे घेतो, चिकटपट्टीबद्दलचेही.

रसायनप्रेमी
निळसर, पट्टी फ्रेमवर तशीच ठेवली नाही ना? त्या चिकट थराखाली ओल अडकते आणि ब्लूइंगवर गंजाचे ठिपके धरतात.

निळसर
तशीच होती. आपला प्रतिसाद वाचून आत्ता काढली, जागा पुसली आणि तेल दिले. गंज नाही. जुना चाप मात्र आहे तिथेच आहे.